जुलै आला की पर्जन्यमापक पाऊस खातो: तळ्याकाठच्या हवामान केंद्राची दरवर्षीची तक्रार

लक्षण असं. मृग आणि आर्द्रा नक्षत्रांत घरचं हवामान केंद्र पाऊस बरोबर मोजतं. तरणा पाऊस लागला की आकडे जरा कमी वाटू लागतात आणि म्हाताऱ्या पावसात तर अंगण वाहून जात असताना पडद्यावर चाळीस-पन्नास मिलिमीटर. साफसफाई केली की चार दिवस सुधारतं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. सिंधुदुर्गातल्या धामापूर तलावाच्या काठावर यंत्र लावून बसलेल्या माणसाला हा प्रश्न गडग्यापलीकडून विचारला जातो. शेजारच्या काकांच्या शब्दांत: "काल राती भायर ठेवलेलो टोप गळ्यापर्यंत भरलो, आणि तुजा ह्या यंत्र चाळीसच सांगता?"

अशा वेळी बहुतेक जण ॲपमध्ये जाऊन पावसाचा गुणक (मोजलेल्या पावसाला ज्याने गुणलं जातं तो आकडा) १.०० चा १.२५ करतात आणि मोकळे होतात. ते करू नका. पाऊस चार-पाच वेगवेगळ्या वाटांनी हरवतो आणि प्रत्येक वाटेचा इलाज वेगळा आहे. गुणक त्यातल्या एकाच दुखण्यावर चालतो. बाकीच्या ठिकाणी तो रिमझिम पाऊस फुगवतो आणि मुसळधार पाऊस कमीच ठेवतो.

आधी घड्याळ बघा

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० ला संपतो. आपलं यंत्र मात्र मध्यरात्री बाराला शून्यावर येतं. समजा १४ तारखेच्या रात्री दहा ते पहाटे चार, तासाला २० मिमीच्या हिशेबाने सलग पाऊस झाला. यंत्रावर १४ तारखेखाली ४० आणि १५ तारखेखाली ८० दिसतील. खात्याच्या १५ तारखेच्या सकाळच्या नोंदीत एकदम १२०. खात्याच्या व्याख्येत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार आणि ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार. म्हणजे तोच पाऊस त्यांच्याकडे अति जोरदार, तुमच्याकडे नुसता जोरदार. यंत्र इथे निर्दोष आहे. सेटिंगमध्ये पावसाचा दिवस कधी सुरू करायचा हा पर्याय असेल तर तो बदला. पुष्कळ यंत्रांत फक्त पूर्ण तास निवडता येतो, साडेआठ जमत नाही. मग दर पाच मिनिटांची नोंद उतरवून घेऊन बेरीज स्वतः करावी.

दुसरं म्हणजे कोणाशी तुलना करताय ते बघा. वेंगुर्ल्याची वेधशाळा, राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पाचं महसूल मंडळातलं केंद्र, शेजारच्या गावातल्या मित्राचं यंत्र, यांतलं काहीच तुमच्या अंगणाचा पुरावा नाही. २६ जुलै २००५ च्या त्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी नोंदले गेले आणि त्याच मुंबईत कुलाब्याला पाऊणशेच्या आतबाहेर. इतका फरक रोज पडत नाही, पण श्रावणातल्या सरी रस्त्याच्या एका बाजूला पडतात आणि दुसऱ्या बाजूला ऊन असतं, हे कोकणात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तलावाची पातळी हाही पुरावा नाही. तळ्याकाठचे लोक हटकून पायऱ्यांकडे बोट दाखवतात: "दोन पायऱ्या बुडल्या, म्हणजे केवढा पडला असेल!" तलावात नुसतं वरून पडलेलं पाणी येत नाही, आजूबाजूच्या डोंगरउतारांवरचं सगळं पाणी उतरतं. १५३० साली हा तलाव इथे बांधला तोच मुळी ते पाणी अडवायला. त्यामुळे पाणी हातभर चढलं म्हणजे हातभर पाऊस पडला असं होत नाही.

खरा पुरावा: बादली आणि काटा

काकांचा टोप मात्र मी मोडीत काढणार नाही, फक्त त्यातलं पाणी वेगळ्या रीतीने मोजायचं. भांड्यातल्या पाण्याची खोली पट्टीने मोजली तर भांडं सरळसोट नळकांड्यासारखं असावं लागतं. आपल्या बादल्या तळाशी निमुळत्या असतात, त्यामुळे खोली फुगून दिसते. वजन केलं की आकाराची भानगडच उरत नाही, फक्त तोंडाचं क्षेत्रफळ लागतं.

बादलीच्या तोंडाचा आतला व्यास ३० सेंमी असेल तर क्षेत्रफळ साधारण ७०७ चौरस सेंमी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ७०.७ ग्रॅम पाणी. सकाळी साडेआठला मासळीबाजारात असतो तसा हुकाचा डिजिटल काटा लावा, रिकाम्या बादलीचं वजन वजा करा आणि ७०.७ ने भागा. ८,४८० ग्रॅम भरलं तर १२० मिमी. या मापाच्या बादलीत २०० मिमी पावसाचं पाणी चौदा लिटरच्या वर जातं, म्हणून उथळ घमेलं किंवा टब घेऊ नका. थेंब उडून बाहेर जातात. बादली उघड्यावर, पागोळ्यांपासून लांब ठेवा, आणि वाऱ्याने कलंडू नये म्हणून बाहेरून तीन चिरे लावा. बादलीचा आकडा आणि यंत्राचा आकडा आठवडाभर शेजारी शेजारी लिहा, पण नुसती बेरीज नको; पाऊस रिमझिम होता की धो धो, वारा होता की नव्हता, तेही लिहा. कुठल्या पावसात तूट पडते यावरून रोग कळतो.

आलेख सपाट झाला की नरसाळं तुंबलं

तुंबलेलं नरसाळं आलेखावर लगेच ओळखू येतं. पावसाचा दर दाखवणारी रेघ खऱ्या पावसात सतत वरखाली होते: सर आली की सुळका, थांबली की शून्य. नरसाळ्याचं भोक अर्धं बुजलं की ही रेघ एका उंचीवर जाऊन सपाट होते, म्हणजे पाऊस कितीही कोसळो, तासाला ११-१२ मिमी, ११-१२ मिमी. पाऊस थांबून ऊन पडलं तरी यंत्र तास-दोन तास "पाऊस चालू" म्हणत राहतं. ही शेपटी दिसली की शिडी काढा.

या दुखण्यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. १६ सेंमी तोंडाचं आणि ६ सेंमी खोल नरसाळं घ्या. नुसत्या शंकूत सुमारे ४०० मिली पाणी मावतं, म्हणजे २० मिमी पाऊस. भोक अर्धं बंद असलं तरी पंधरा-वीस मिमीची सर त्यात साठते आणि सावकाश झिरपून पूर्ण मोजली जाते. बेरीज बरोबर येते, फक्त उशिरा. त्याहून मोठा पाऊस आला की नरसाळं काठावरून सांडतं आणि तेवढाच पाऊस हिशेबातून जातो. जूनमध्ये सगळं ठीक आणि जुलैत बिघाड, याचं अर्धं उत्तर इथे आहे: भोक जूनपासूनच बुजत असतं, जुलैचा पाऊस ते उघडकीस आणतो.

भोकात सापडतं काय? माडाच्या आणि पोफळीच्या फुलोऱ्याचा चुरा, पाणकावळ्याची किंवा खंड्याची शिट, कोळ्याचं जाळं, आणि तळ्याकाठी हमखास मेलेली चिलटं. संध्याकाळी पडवीतला दिवा लागला की पाण्यावरची चिलटं थव्याने उजेडाकडे येतात, आणि दिव्याजवळच पर्जन्यमापक असेल तर नरसाळ्यात त्यांचा राखाडी थर साचतो. त्यावर दोन दिवसांत शेवाळ धरतं आणि मग बोटाला बुळबुळीत लागणारा, भोकाच्या आकाराचा एक बूच तयार होतो. कधी बूच नसतोच. बोटभर बेडकुळी भोकावर आरामात बसलेली असते.

बारीक जाळी लावणं हा सुचणारा पहिला उपाय आणि सर्वांत वाईट. बारीक जाळी भोकापेक्षा लवकर बुजते. स्टेनलेस स्टीलची जरा मोठ्या छिद्रांची जाळी घ्या आणि ती सपाट न बसवता टोपीसारखी उभी, शंकूच्या आकारात बसवा. टोकावर पान अडकलं तरी पाणी बाजूंनी आत जातं. नरसाळ्यात तांब्याच्या उघड्या तारेचं एक वेटोळं टाकलं की शेवाळाचा जोर कमी होतो. काठावर पक्षी बसू नयेत म्हणून केबल टाय उभे लावून त्यांची टोकं वर ठेवा. दिवा हलवता येत नसेल तर पर्जन्यमापक हलवा.

साफ करताना दोन पथ्यं. आत पाणी भरलं की झुकून पाऊस मोजणारी झुलती पळी असते; तिला हात लागला की तो पाऊस म्हणून मोजला जातो, तेव्हा वेळ लिहून ठेवा आणि तेवढे मिलिमीटर नंतर काढून टाका. आणि पळीच्या कण्याला तेल घालू नका. शिवणयंत्राचं तेल घातल्यावर पळी दोन दिवस झक्क हलते, मग त्या तेलावर जांभ्याची तांबडी धूळ बसून चिकट गाळ होतो. जुना मऊ टूथब्रश आणि साधं पाणी पुरतं. साबण लावलाच तर पूर्ण निघेपर्यंत धुवा. साबणाच्या पाण्याने थेंब धरण्याचं प्रमाण बदलतं आणि पळीचं मापही.

मुंग्यांचं वेगळं. जमिनीत पाणी शिरलं की त्या अंडी घेऊन वर चढतात आणि पर्जन्यमापकाचं कोरडं पोट त्यांना आयतं घर मिळतं. मधपेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात त्याच धर्तीवर खांबाला ग्रीसचा चार बोटं रुंद पट्टा मारा आणि दर पंधरा दिवसांनी नवा करा. आपल्याकडच्या पावसात तो टिकत नाही.

खांब कलला

जुलैचं दुसरं अर्धं उत्तर जमिनीत असतं. मे महिन्यात तांबडी माती दगडासारखी घट्ट असते. तेव्हा हातभर खड्ड्यात रोवलेला लोखंडी पाइप पहारीने हलत नाही. जुलैत तीच माती लोण्यासारखी होते, तळ्याकडून येणारा वारा पाइपाला ढकलत राहतो आणि वरचं यंत्र डोळ्यांना न दिसेल इतकं कलतं. पर्जन्यमापकातल्या पळीला दोन कप्पे असतात. एक भरला की ती त्या बाजूला झुकते, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. यंत्र कललं की एक कप्पा लवकर सांडतो, दुसरा जास्त पाणी धरून बसतो. दोन्हींची वजाबाकी कधी जुळते, कधी नाही.

तपासायला गवंड्याची लेव्हल पुरे. ती नरसाळ्याच्या काठावर एकदा उत्तर-दक्षिण, एकदा पूर्व-पश्चिम ठेवा. दुसरी परीक्षा कानाने होते: झारीची अगदी बारीक, एकसारखी धार सोडा आणि पळीचा टकटक आवाज ऐका. टक, टक, टक समान अंतराने आलं तर ठीक. टक-टक… टक-टक… असं लंगडत आलं तर यंत्र कललंय किंवा एका कप्प्यात गाळ आहे. खांबाचा पाया काँक्रीटचा करा आणि तो पावसाळ्याआधी करा. भर पावसात पाइपाभोवती चिरे ठोकणं म्हणजे पुढच्या आठवड्याची तरतूद.

अर्ध्या लिटरची परीक्षा

नरसाळं मोकळं आहे, यंत्र सपाट आहे, तरी तूट आहे? आता मोजमाप तपासायचं. १६ सेंमी आतल्या व्यासाच्या नरसाळ्याचं क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंमी. म्हणजे ५०० मिली पाणी टाकलं तर २४.९ मिमी पाऊस दिसायला हवा; पळीचं माप ०.२ मिमी (म्हणजे एका टकटकीला ०.२ मिमी) असेल तर साधारण १२४ टकटक. तुमच्या नरसाळ्याचा व्यास वेगळा असेल तर त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ करून स्वतःचा आकडा काढा. माप काठाच्या आतल्या बाजूने घ्या. इथे अर्ध्या सेंटिमीटरची गफलत झाली तर सहा-सात टक्क्यांची चूक होते.

पाणी सोडायला औषधाच्या दुकानात मिळणारा सलाइनचा सेट झकास. चाक फिरवून धार हवी तशी ठेवता येते. सलाइन ओतून टाकून बाटलीत साधं पाणी भरा, आणि बाटलीवर ५०० छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५०० ग्रॅम तोला. पहिल्यांदा हे पाणी तासाभरात जाऊ द्या. म्हणजे तासाला २५ मिमीचा, कोकणातला नेहमीचा सणसणीत पाऊस झाला. दुसऱ्यांदा तेवढंच पाणी पंधरा मिनिटांत सोडा. त्याला सेट पुरला नाही तर प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून धार जमवा. हा झाला तासाला १०० मिमीचा पाऊस.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. दोन्हींत सारखीच तूट असेल, समजा दोन्ही वेळा ११२-११३ टकटक, तर पळीचं माप मोठं आहे. पळीखालचे दोन स्क्रू थोडे फिरवून ते जुळतं, आणि स्क्रू नसतील तर इथे, आणि फक्त इथे, गुणक वापरावा: १२४ भागिले ११२, म्हणजे १.१० ते १.११.

सावकाश धारेला १२४ आणि जोराच्या धारेला ११६ आले तर प्रकरण निराळं. तासाला १०० मिमीच्या पावसात ०.२ मिमीची पळी दर ७.२ सेकंदांनी कलते. कलायला तिला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतो आणि त्याच्या सुरुवातीच्या भागात नरसाळ्यातलं पाणी भरलेल्याच कप्प्यात पडत राहतं. तेवढं मोजलं जात नाही. पाऊस जितका जोराचा तितकी ही गळती मोठी. झुलत्या पळीच्या यंत्रांचा हा जन्मजात गुण आहे, बिघाड नव्हे. महागड्या यंत्रांत नरसाळं आणि पळीच्या मध्ये सायफन बसवून पाणी ठरावीक मापाने सोडतात, काहींच्या ॲपमध्ये पावसाच्या जोरानुसार वेगवेगळा गुणक देता येतो. दोन्ही नसेल तर मुसळधार दिवशी बादलीचा आकडा खरा धरायचा. सरसकट १.०७ चा गुणक लावलात तर रिमझिम पडणारे सगळे दिवस सात टक्क्यांनी फुगतील.

तळ्यावरचा वारा

आतापर्यंतचं सगळं ठाकठीक आणि तूट फक्त वाऱ्याच्या दिवशी पडते, असं वहीत दिसत असेल तर जागा चुकली आहे. उघड्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला झाड नाही, घर नाही. तो पर्जन्यमापकाच्या काठावर आपटून वर उसळतो आणि थेंब तोंडावरून पलीकडे उडवून नेतो. वाऱ्यामुळे दोन ते दहा टक्के पाऊस असा निसटणं सर्वसामान्य आहे, खांब जितका उंच तितकं जास्त.

अडचण अशी की वातकुक्कुट आणि वेगमापकाला १० मीटर उंची हवी असते आणि पर्जन्यमापकाला जमीन. खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून जेमतेम ३० सेंमीवर असतं. आपण घेतो ते सगळं एकाच डोक्यावर असलेलं यंत्र, आणि ते लावतो गच्चीवर. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात पाऊस महत्त्वाचा, वाऱ्याचा आकडा बिघडला तरी चालेल. यंत्र तळ्याच्या बांधावरून उतरवून परसात आणा, दीड मीटर उंचीवर. भोवती झुडपांचं कुंपण वारा मंदावतं, पण कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असावी. दहा मीटरचा माड वीस मीटर लांब. दाट पोफळीबागेत हे जमणार नाही. तिथे वेगळा, स्वतंत्र पर्जन्यमापक घेऊन मोकळ्या मळीत ठेवणं बरं.

उरलेलं थोडक्यात

सिग्नल तुटला म्हणून पाऊस हरवत नाही. बहुतेक यंत्रांत बाहेरचा भाग एकूण टकटक स्वतःकडे मोजत राहतो आणि संपर्क आला की आकडा एकदम उडी मारतो. ओल्या जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे सिग्नल मरतोच. रिसीव्हर खिडकीत आणा. पण बॅटरी काढली की हा आकडा पुसला जातो, म्हणून चालू पावसात बॅटरी बदलू नका. जुलैत सौर पॅनेलला ऊन मिळत नाही, तेव्हा जूनच्या आधी लिथियमचे सेल घाला.

पळी नीट हलते, टकटक ऐकू येते आणि आकडा वाढतच नाही, असं असेल तर पळीवरचं चुंबक सुटलंय किंवा त्याच्या समोरचा छोटा रीड स्विच (चुंबक जवळून गेलं की जुळणारा, काचेच्या नळीतला स्विच) गंजलाय. खाऱ्या दमट हवेत तो जातोच. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीला मिळतो; काच नाजूक असते, तारा वाकवताना चिमट्याने काचेजवळ धरून वाकवा. नवा बसवल्यावर अर्ध्या लिटरची परीक्षा पुन्हा करा, कारण स्विच जरा तिरका बसला तर एका टकटकीला दोन मोजतो.

आणि डिसेंबरात निरभ्र पहाटे ०.२ मिमी पाऊस दिसला तर घाबरू नका. तळ्यावरचं धुकं आणि दंव नरसाळ्यात ओघळून एखादी पळी भरतं. तो आकडा काढून टाकायचा की ठेवायचा यावर हौशी मंडळींत दोन तट आहेत. मी ठेवतो आणि शेजारी "दंव" लिहितो.